अक्कलदाढ काढल्यावर वेप कधी, कसा, आणि तोवर तलफ कशी मारायची

सरळ उत्तर आधी. अक्कलदाढ काढल्यावर पहिले ७२ तास वेप, म्हणजे इ-सिगरेट, अजिबात नाही. वरची दाढ साधी उपटून निघाली असेल तर ७२ तास ही किमान मर्यादा. खालची दाढ आडवी होती, हिरडी कापून, हाड घासून, तुकडे करून काढली आणि टाके पडले असतील तर सात ते दहा दिवस, म्हणजे टाके निघेपर्यंत. ‘झिरो निकोटीन’ लिक्विडलाही हाच नियम, कारण पहिल्या तीन दिवसांत निकोटीनइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, धोका ओढण्याचा असतो. ‘मी हळू ओढतो’ या सवलतीला पहिल्या तीन दिवसांत काही अर्थ नाही.

हे ऐकून ज्याला घाम फुटला त्याच्यासाठीच पुढचं सगळं आहे. तीन दिवस थांबा म्हणणं सोपं, पण निकोटीन सोडल्यावर तलफ सगळ्यात जास्त छळते ती नेमकी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. खळग्यातली रक्ताची गुठळी सगळ्यात नाजूक असते तीही तेव्हाच. त्यामुळे निव्वळ निश्चयावर भागत नाही. तयारी ऑपरेशनच्या आधी करावी लागते.

खळग्यात काय चाललेलं असतं

दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा उरतो. काही मिनिटांत त्यात रक्त भरून गोठतं. ही गुठळी म्हणजे त्या उघड्या हाडावरचं एकमेव झाकण. तिच्यातूनच पुढे नवी ऊती तयार होते, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि आतलं हाड भरायला काही महिने जातात. पहिल्या दिवशी ही गुठळी दुधावरच्या सायीइतकी कच्ची असते, कडेला नीट धरलेलीही नसते.

वेप ओढताना गाल आत जातात, जीभ मागे सरकते आणि तोंडात हवेचा दाब कमी होतो. बहुतेक पॉड (लिक्विडची छोटी डबी बसवायचे वेप) आणि डिस्पोजेबल (संपले की फेकायचे वेप) अशा बेताचे असतात की धूर आधी तोंडात घ्यायचा आणि मग छातीत. त्यांचं छिद्र बारीक असतं, म्हणून जोर लावून ओढावं लागतं, आणि तो जोर थेट गुठळीवर येतो. स्ट्रॉने उसाचा रस पिणं, बशीतला चहा फुर्र करून ओढणं, रश्श्याचा भुरका मारणं, या सगळ्यांत हाच प्रकार घडतो. वेप सोडला आणि चहाचे फुरके चालू ठेवले, तर अर्धं काम पाण्यात गेलं.

दुसरं, निकोटीनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. जखमेला रक्त कमी पोचतं, भरणं मंदावतं. डिस्पोजेबलवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर ते एका मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम झालं. दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये एकूण १०० मिलिग्रॅम निकोटीन. सगळं रक्तात जात नाही, पण ‘सिगरेटपेक्षा हलकं आहे’ हा समज इथे उपयोगाचा नाही.

तिसरं, वाफ गरम असते आणि तोंड कोरडं पाडते. लिक्विडमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल ओलावा ओढून घेतं. कोरड्या तोंडात लाळ कमी, आणि लाळ कमी म्हणजे जंतूंना मोकळं रान. वर चव कडवट झाली की माणूस थुंकतो, आणि थुंकण्याचा झटका गुठळीला पुन्हा हलवतो.

गुठळी निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. याला डॉक्टर ड्राय सॉकेट म्हणतात. साध्या दाढा-दातांत हे शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं. खालची अक्कलदाढ शस्त्रक्रियेने काढली तर प्रमाण बरंच वाढतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांत आणखी. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही जोखीम जास्त असते, ते डॉक्टरांना आधी सांगावं.

आता यातली फसवणूक. झुरका मारल्यावर लगेच काहीच होत नाही. ना कळ, ना रक्त. ‘बघ, काही झालं का?’ म्हणून माणूस दुसरा ओढतो. ड्राय सॉकेटची कळ साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात उठते, आणि तोवर ‘परवाचा तो एक कश’ विसरलेला असतो. मग दोष जातो डॉक्टरच्या हाताला.

ऑपरेशनच्या आधी

फॉर्मवर ‘धूम्रपान करता का’ विचारलं की वेपवाले बिनधास्त ‘नाही’ लिहितात. तिथे ‘हो’ लिहायचं. मावा, मिश्री, गुटखा असेल तर तेही सांगायचं. वेपवर देशात बंदी आहे म्हणून डॉक्टरांपासून लपवायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने इ-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात हे गुन्हे ठरवलेत, आणि दंतवैद्य काही तुमची चौकशी करायला बसलेले नाहीत. त्यांना माहिती हवी ती भूल, औषध आणि टाके ठरवायला. पूर्ण भूल किंवा गुंगीचं इंजेक्शन असेल तर त्या दिवशी सकाळीही वेप ओढायचा नाही. श्वासनलिका चिडलेली असली की गुंगीत खोकला आणि उबळ येते.

याच भेटीत निकोटीन पॅचबद्दल विचारा. पॅच कातडीतून हळूहळू निकोटीन देतो. ओढणं नाही, उष्णता नाही, तोंडाशी संबंध नाही. निकोटीन आहेच, त्यामुळे रक्तवाहिन्यांवरचा परिणाम शून्य होत नाही, पण झुरक्यासारखा एकदम चढणारा डोस टळतो. बाजारात २१, १४ आणि ७ मिलिग्रॅमचे २४ तासांचे पॅच असतात. दिवसाला दहाहून जास्त सिगरेटी ओढणाऱ्याला साधारण २१ पासून सुरू करतात, त्याहून कमी असेल तर १४. वेपवाल्याचा हिशेब सिगरेटीसारखा मोजून होत नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत हात डिव्हाइसकडे जातो का, एक पॉड किती दिवस पुरतो आणि लिक्विड किती टक्क्यांचं आहे, या तीन गोष्टी सांगा, डोस डॉक्टर ठरवतील. हृदयविकार, गरोदरपण, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने पॅच लावू नका.

निकोटीन च्युइंगम मात्र या आठवड्यात नाही. औषध दुकानात २ मिलिग्रॅमचा सहज मिळतो म्हणून लोक तोच उचलतात, पण चावायचा कुठे? जबडा आखडलेला, शेजारी टाके. चघळायच्या गोळ्यांचंही तेच, चोखण्याने दाब तयार होतो. पहिले तीन दिवस तोंडातलं काहीच नको.

घरी आणून ठेवायचं ते एवढंच: गॉजची (जखमेवर दाबायच्या जाळीदार कापडाची) पाकिटं, बर्फ किंवा गोठवलेल्या वाटाण्याची पिशवी, मीठ, मऊ ब्रश, काळ्या चहाच्या दोन पिशव्या (का ते पुढे येईल), दोन उशा. आणि डिव्हाइस, चार्जर, उरलेलं लिक्विड घरातून बाहेर. फेकवत नसेल तर भावाकडे द्या, जो ‘दे की एकदा’ म्हटल्यावर पाघळत नाही अशा भावाकडे.

पहिले २४ तास

डॉक्टर गॉजचा बोळा दाबून देतात. तो पाऊण ते एक तास घट्ट चावून ठेवायचा, बोलायचं नाही. ‘रक्त थांबलं का’ म्हणून दर पाच मिनिटांनी काढून बघणं ही सगळ्यात सामान्य चूक. कोरडं झालेलं गॉज गुठळीला चिकटतं आणि काढताना तिला घेऊनच येतं. तासाने काढताना बोळा चिकटल्यासारखा वाटला तर पाण्याचे दोन थेंब सोडून ओला करा, मग काढा.

लाळेत गुलाबी-लालसर छटा दिवसभर असते. थुंकू नका. गिळा, किंवा मान वाकवून टिश्यूवर ओघळू द्या. चूळ भरायची नाही, त्या बाजूला ब्रश लावायचा नाही, जीभ खळग्यात घालून चाचपायचं नाही. जिभेला तिथे जायची भारी खोड असते.

बर्फ गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळून, १५ ते २० मिनिटं ठेवायचा, तेवढाच वेळ काढायचा. पहिला दिवसभर हे चालू. सूज ४८ ते ७२ तासांनी सगळ्यात जास्त दिसते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी आरशात चेहरा सुजलेला दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. रात्री दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवा.

भूल तीन-चार तास, कधी जास्तही टिकते. ती उतरायच्या आत, डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी काहीतरी खाऊन घ्या. कळ उठल्यावर गोळी घेतली तर ती तासभर मागेच धावत राहते. साधारण आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशी जोडी देतात. अॅसिडिटीचा अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आयबुप्रोफेनआधी तोंड उघडून सांगा. अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका, रक्त वाहत राहतं. अँटिबायोटिकमध्ये मेट्रोनिडाझोल असेल तर दारू बंद, पुढचे दोन दिवससुद्धा.

वरची दाढ काढली असेल तर आणखी एक काळजी. वरच्या दाढेची मुळं आणि गालामागची सायनसची पोकळी यांच्यात कधी कधी पातळसा पडदाच असतो. तो फाटला की तोंड आणि नाक यांच्यात वाट पडते. म्हणून दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. नाकातून धूर सोडायची स्टाइल असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. पाणी प्यायल्यावर ते नाकात येतंय असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरा आणि तिसरा दिवस

तलफ लाटेसारखी येते आणि तीन ते पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत ओसरते. ही पाच मिनिटं घालवायची सोय ठरवून ठेवा. गार पाण्याचे छोटे घोट ग्लासमधून, फुरका न मारता. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. हाताला चाळा हवा असेल तर काहीही चालेल, फक्त तोंडाकडे नेणारी वस्तू नको. पेन्सिलही तोंडात गेली की माणूस नकळत ओढतो.

पॅच सकाळी अंघोळीनंतर, दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा छातीवर, केस नसलेल्या कोरड्या जागी, दहा सेकंद तळव्याने दाबून लावायचा. रोज जागा बदला, नाहीतर कातडी लाल होते. रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडू लागली तर झोपताना काढा. मळमळ, धडधड, चक्कर आली तर डोस जास्त होतोय. पॅच लावून वर वेप ओढणं म्हणजे दोन्हीकडून निकोटीन, ते नको.

संध्याकाळी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर जायचा मोह होईल. चालायला हरकत नाही, पण जिथे टोळकं वाफा सोडत बसलंय त्या कट्ट्यावर चौथ्या दिवसापर्यंत नको. तिथे ‘एकच मार’ हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं, आणि दुसऱ्याच्या तोंडातलं डिव्हाइस उघड्या जखमेच्या तोंडात घेणं हा वेगळाच उद्योग. तालमीत जाणाऱ्यांनी आठवडाभर जोर-बैठकाही थांबवाव्यात, कारण जोर लावला की रक्तदाब वाढतो आणि खळगा पुन्हा वाहू लागतो. कुस्ती आणि फुटबॉलचं गणित निराळं: खालची दाढ हाड कापून काढली असेल तर तिथे जबडा काही आठवडे कच्चा असतो. पेठेचा सामना असो की आणखी काही, चार ते सहा आठवडे हनुवटीवर टोला बसेल असा खेळ नको, आणि मैदानात उतरायच्या आधी डॉक्टरांना एकदा विचारा.

२४ तास झाले की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुरू. एक पेला कोमट पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात घ्या, मान काढलेल्या बाजूला कलवा, अर्धा मिनिट नुसतं राहू द्या, मग बेसिनवर तोंड उघडा आणि पाणी आपोआप पडू द्या. खळखळ नाही, पिचकारी नाही. दर जेवणानंतर आणि झोपताना, दिवसाला चार-पाच वेळा. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन (जंतुनाशक माउथवॉश) दिलं असेल तर ते १० मिलिलिटर, एक मिनिट, दिवसातून दोनदा, आणि ब्रश केल्यानंतर अर्ध्या तासाने. ब्रशनंतर लगेच घेतलं तर पेस्टमुळे त्याचा परिणाम कमी होतो.

४८ तासांनंतर बर्फ बंद, कोमट शेक चालू. तोंड उघडायला त्रास होत असेल तर तिसऱ्या दिवसापासून हळूहळू, दुखेल त्याच्या अलीकडे थांबत, दिवसातून चार-पाच वेळा उघडझाप.

खायचं काय

कोल्हापुरात हा प्रश्न वेपपेक्षा अवघड. पहिला दिवस गार किंवा खोलीच्या तापमानाचं: ताक, दही, कस्टर्ड, बिया-सुकामेवा नसलेलं आइस्क्रीम चमच्याने, पातळ नाचणीचं आंबील गार करून. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध या आठवड्यात टाळा, तोंडात उघडी जखम असताना कच्चं दूध नको. उकळून गार केलेलं हवं तेवढं प्या, फक्त वाटीतून.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, कुस्करलेला बटाटा, अंड्याची मऊ भुर्जी. पांढरा रस्सा चौथ्या दिवशी चालेल, पण गाळून, कोमट करून, मिरी कमी घालून. त्यातली खसखस आणि तीळ नीट वाटलेले नसतील तर ते दाणे खळग्यात जाऊन बसतात आणि निघत नाहीत. तांबडा रस्सा आठ-दहा दिवसांनी. मिसळीला सगळ्यात उशिरा, दोन आठवड्यांनी, कारण तिखटाचं एक वेळ सोसेल, पण फरसाणाचे टोकदार तुकडे ताज्या हिरडीत रुततात. भडंग, चिवडा, शेंगदाणे त्याच यादीत. चावायचं ते दुसऱ्या बाजूने.

गुठळी टिकली की गेली, हे कसं ओळखायचं

चांगलं चाललंय तेव्हा दुखणं रोज थोडं कमी होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खळग्यावर पांढरट-पिवळसर थर दिसतो. लोक त्याला पू समजतात आणि इअरबडने खरवडतात. तो पू नाही, भरणाऱ्या जखमेचा साधा थर आहे. त्याला हात लावायचा नाही.

ड्राय सॉकेटमध्ये उलटं होतं. दोन दिवस बरं वाटत असताना तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं अचानक वाढतं, ठणका कानात आणि कानशिलाकडे जातो, गोळीने जेमतेम तासभर दबतो. तोंडाला घाण वास, कडवट चव. मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं तर गडद गुठळीऐवजी रिकामा खळगा आणि तळाशी राखाडी-पांढरं हाड. सूज किंवा ताप बहुतेक वेळा नसतोच, म्हणून ‘इन्फेक्शन नाही, म्हणजे ठीक आहे’ असा गैरसमज होतो.

यावर घरी उपाय नाही. डॉक्टर सलाइनने खळगा धुतात आणि औषधाची पट्टी भरतात, बहुतेक पट्ट्यांत लवंगेचं द्रव्य असतं. कळ काही मिनिटांत खाली येते. पट्टी गरजेप्रमाणे एक-दोन दिवसांनी बदलतात, आठवडा-दहा दिवसांत त्रास मिटतो. लवंगेचं द्रव्य म्हटल्यावर घरची लवंगेची बाटली उपडी करू नका. निव्वळ तेल उघड्या ऊतीला भाजतं. तुरटी, हळदीची पूड, आणि आजीने सुचवलेली मिश्री यांचंही तेच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती जखमेत दाबल्यावर बधिर वाटतं म्हणून आराम वाटतो, पण हाडात कण जाऊन बसतात.

परत ओढायचाच असेल तर

सोडण्याची ही सगळ्यात सोपी संधी आहे, आठवडा तर काढलेलाच असतो. पण सगळे सोडत नाहीत. जे परतणार आहेत त्यांनी निदान हे तपासावं: टाके निघालेत किंवा विरघळलेत, गोळीशिवाय दुखत नाही, दोन दिवसांत रक्त आलेलं नाही, घाण चव नाही, तोंडात दोन बोटं उभी मावतात. यातलं एकही नसेल तर अजून थांबा. सातव्या दिवशी टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांनाच खळगा दाखवून विचारणं सगळ्यात पक्कं.

मग डिव्हाइस. हवेचं छिद्र बदलता येत असेल तर पूर्ण उघडा, म्हणजे ओढायला जोर कमी लागतो. वॅट कमी ठेवा, वाफ गार राहते. डिस्पोजेबलमध्ये यातलं काहीच हातात नसतं आणि ओढ घट्ट असते, म्हणून या काळात तोच सगळ्यात वाईट पर्याय. कॉइल (लिक्विड तापवणारी तार) नवी आणि ओली हवी, लिक्विड संपत आलेली कॉइल जळका, तापलेला धूर देते. तोंडात लावायचा भाग आधी धुवून घ्या. दालचिनीचे आणि अति गार मेंथॉलचे फ्लेवर कोवळ्या हिरडीला झोंबतात, ते दूर ठेवा.

झुरका एक-दोन सेकंदांचा, गाल आत न ओढता, काढलेल्या दाढेच्या विरुद्ध बाजूने. सलग दोन, मग तासभर नाही. निकोटीनची टक्केवारी कमी करणं चांगलं वाटतं, पण त्यात एक गोम आहे: एकदम फार कमी केलं तर माणूस भरपाई म्हणून लांब आणि जास्त वेळा ओढतो, आणि इथे ओढणंच तर कमी करायचंय. म्हणून टक्केवारी पायरीपायरीने उतरवा. आठवड्याच्या खंडानंतर पहिला झुरका हमखास खोकला काढतो, तोही गुठळीला धक्काच, त्यामुळे पहिल्या दिवशी छातीत खोल नको. नंतर घोटभर पाणी आणि मिठाच्या पाण्याची संथ गुळणी. त्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी ठणका वाढला तर बंद, आणि डॉक्टर.

‘खळग्यावर गॉज चावून ओढलं की काही होत नाही’ ही युक्ती बरीच फिरते. गॉज धूर थोडा अडवतं, दाब अडवत नाही, आणि कोरडं असेल तर काढताना गुठळी उचकटतं. भरवसा ठेवायच्या लायकीची नाही.

बंदीमुळे इथे मिळणारं सगळंच चोरट्या वाटेने आलेलं असतं. पाकिटावरच्या टक्केवारीची कोणी तपासणी केलेली नसते. ५ टक्के लिहिलेल्यात किती आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. एरवी चालवून घेतलं असेल, जखम भरत असताना चालवून घेऊ नका.

वेप नको म्हणून कोणी सिगरेटकडे वळत असेल तर वाईटातून अधिक वाईट. ओढणं तेच, वर कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. मावा आणि गुटख्यात ओढणं नसलं तरी सुपारीचे तुकडे, चुना आणि तंबाखू थेट खळग्यात, वर दर मिनिटाला पिचकारी. दोन आठवड्यांच्या आत विचारही नको. सोडायला मदत हवी असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा नंबर मोफत आहे.

कधी धावायचं

गॉज बदलूनही रक्त ताजं, लालभडक येत राहिलं, तर काळ्या चहाची पिशवी गार पाण्यात भिजवून, पिळून, खळग्यावर अर्धा तास घट्ट चावून बसा. चहातलं टॅनिन रक्त गोठायला मदत करतं. त्याने न थांबल्यास फोन उचला. तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढत असेल, ताप असेल, पू येत असेल, किंवा ओठ-जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. गिळता येत नाही, जिभेखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, श्वास घेताना अडखळतंय, यातलं काहीही झालं तर क्लिनिक उघडायची वाट न बघता, रात्रीचे दोन वाजले असले तरी, सीपीआरच्या (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या) अपघात विभागात जा. जाताना दाढ कधी काढली, कोणत्या गोळ्या चालू आहेत आणि शेवटचा झुरका कधी मारला हे तिन्ही कागदावर लिहून न्या, कारण तोंड उघडत नसताना ते सांगता येत नाही.